तामारुतचा धूर

तामारुतच्या अड्ड्यावर आठ टॅक्स्या आहेत आणि आठही हाताने ढकलल्या जातात. परक्या माणसाला वाटतं, बंद पडल्यात. तसं काही नाही. रांगेतली पुढची गाडी भरून निघाली की मागच्या सगळ्यांनी एकेक गाडीभर पुढे सरकायचं, आणि तेवढ्यासाठी इंजिन सुरू करणारा ड्रायव्हर आमच्याकडे उधळ्या समजला जातो. दार उघडायचं, एक हात स्टिअरिंगवर ठेवायचा, खांदा दाराच्या चौकटीला लावायचा आणि रेटायचं. मागून दुसरा ड्रायव्हर हात लावतो. त्याची सरकायची वेळ आली की यानं लावायचा. हे कुणी ठरवलेलं नाही. पण दुसऱ्याच्या गाडीला हात न लावणारा ड्रायव्हर मी बावीस वर्षांत एकच पाहिला, आणि तो नंतर शहरात राहायला गेला.

बावीस वर्षं मी अक्रोडाच्या झाडाखाली बसून पाळी सांभाळतो. समोरच्या भिंतीवर आठ दगड ओळीनं मांडलेले असतात, ज्याचा त्यानं घरून आणलेला. गाडी निघाली की तिचा दगड उचलून शेवटी ठेवायचा. कागद असता तर खाडाखोड झाली असती. दगडात खाडाखोड होत नाही, त्यामुळे भांडणं फक्त माझ्याशी होतात.

गाड्या सगळ्या जुन्या, जर्मन, डिझेलच्या. पुढे ड्रायव्हरशेजारी दोघं, मागे चौघं, सहा माणसं भरली की निघायचं. जिथं जायचं ते शहर आमच्या खाली, मैदानात. नोव्हेंबरात सकाळी मैदान धुक्यानं काठोकाठ भरतं आणि वरून बघितलं तर दूध ओतल्यासारखं दिसतं. त्यात शहर आहे हे आम्ही विश्वासावर धरून चालतो. दहाच्या सुमाराला दूध फाटतं आणि मध्यभागी एक तपकिरी डाग उरतो. तो डाग म्हणजे शहर.

त्या नोव्हेंबरात चहाच्या दुकानाच्या भिंतीवर एक कागद लागला. वसंतापासून जुन्या डिझेल गाड्यांना शहराच्या वेशीच्या आत येऊ द्यायचं की नाही, याचा विचार चालू आहे. ठरवण्याआधी वाहनचालकांची मतं घेतली जातील. तामारुतला बुधवारी, बाजाराच्या दिवशी.

आमचं मत कुणी विचारल्याला इतकी वर्षं झाली होती की आधी कुणाला काही सुचेना. मग सगळ्यांना एकदम सुचलं. झायद म्हणाला, धूर हलका असतो, तो वर जातो, माणसं खाली राहतात, तेव्हा प्रश्न पक्ष्यांचा आहे. हमादीच्या मते खरा धूर बसचा. हाज ऊबेल्ला आमच्यात सर्वांत म्हातारा, त्यानं टॅक्सीआधी खेचरं हाकलेली. तो म्हणाला की खेचरही मागून काही अत्तर सोडत नव्हतं. औषधाच्या दुकानदाराची स्वतःची पेट्रोलची गाडी आहे, त्यानं बंदीला मनापासून पाठिंबा दिला आणि दुसऱ्या दिवशी ती गाडी बंद पडली तेव्हा झायदनं त्याला शहरात न्यायला जागा नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत सात ड्रायव्हरांची अकरा मतं झाली, त्यातली तीन एकट्या हाजची.

आठवा ड्रायव्हर मोहा. मोहाची गाडी आठांत सर्वांत जुनी. त्यानं चहा संपवला, ग्लास पालथा ठेवला आणि घरी गेला.

मोहाचं घर माझ्या घराच्या वरच्या टप्प्यावर आहे. रस्ता, मग गाडी मावेल एवढंच अंगण, मग स्वयंपाकाची खोली. थंडीत सगळं घर त्या एकाच उबदार खोलीत झोपतं, आता म्हणजे मोहा आणि त्याची बायको इट्टो. मुलगी लग्न होऊन डोंगरापलीकडे गेली. पहाटे मोहा चावी फिरवतो, छोटा पिवळा दिवा विझायची वाट बघतो, आणि मग गाडी पाव तास गुरगुरत उभी राहते. जुनं इंजिन थंड निघालं तर घाटात दगा देतं. त्या पाव तासात गाडीच्या धुराच्या नळीचं तोंड स्वयंपाकाच्या खोलीच्या भिंतीपासून हातभर लांब असतं. हे मला ठाऊक आहे, कारण तो आवाज ऐकून मी उठतो. बावीस वर्षांत मला घड्याळ लागलं नाही.

इट्टोला खोकला होता. आधी थंडीपुरता असायचा, मग दोन वर्षं बारमाही झाला. शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं, धुरापासून लांब राहा. मोहानं घरी येऊन कुदळ घेतली आणि अंगणाच्या कोपऱ्यातली मातीची भट्टी फोडली.

ती भट्टी इट्टोनं आणि तिच्या सासूनं मिळून घातली होती. माती, भुसा आणि बकरीचे केस एकत्र तुडवून, पावसाळ्याआधी. सव्वीस वर्षं तिच्यात रोट्या भाजल्या गेल्या, अर्ध्या गावाच्या लग्नांच्या. तिचा घुमट आतून काळा आणि चकचकीत झाला होता. मोहानं पहिला घाव घातला तेव्हा तो मडक्यासारखा वाजला. मग तुकडे पडत गेले. इट्टो दारात उभी राहून बघत होती, दोन्ही हात शालीत. माझी बायको हद्दा भिंतीवरून बघत होती, तिचे हात शालीत नव्हते, तिनं नंतर मला सगळं करून दाखवलं. मोहाच्या कपाळावरून काजळी वाहत होती. इट्टो एकच वाक्य बोलली.

"भिंत सांभाळ. मागे तुझी गाडी आहे."

त्या दिवसापासून इट्टो पीठ मळून, परातीत गोळे थापून, वर फडकं टाकून आमच्या भट्टीवर यायला लागली. दुसऱ्याच्या भट्टीवर पाळी शेवटची असते. हद्दा म्हणायची, तू आधी घाल. इट्टो म्हणायची, विस्तव तुझा आहे. मग ती वाऱ्याच्या बाजूला, भिंतीपलीकडे उभी राहायची आणि हद्दा तिच्या रोट्या भाजून द्यायची. जिच्याकडे गाव परात घेऊन यायचं तिच्याबद्दल बायका आता विचारायला लागल्या की मोहाच्या घरी विस्तव पेटत नाही का. दुपारी ती ऑलिव्हच्या बागेत जायची. पुरुष काठीनं फांद्या झोडायचे, बायका ताडपत्रीवर वाकून फळं वेचायच्या. संध्याकाळी तिची बोटं काळी व्हायची आणि ती त्याच हातांनी तोंडावर शाल धरून खोकायची.

भट्टी फुटून चाळीस दिवस झाले. खोकला होता तिथंच होता. दिवस मी मोजत नव्हतो, हद्दा मोजत होती. मी फक्त बेरीज लक्षात ठेवली.

पाहणीच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, इट्टोला डॉक्टरकडे न्यायचं होतं. मलाही दाढ उपटायची होती, म्हणून दगड हाजकडे सोपवून मी मोहाच्या गाडीत मागे चौथा बसलो. पुढे मोहाशेजारी इट्टो आणि खिडकीला कोंबडी घेतलेली एक म्हातारी. कोंबडी धरून सात.

खिंडीपर्यंत ऊन होतं. देवदारांच्या सावल्या गाडीवरून सरकत होत्या, उजेड, अंधार, उजेड, आणि कुणी बोलत नव्हतं. त्या वळणांवर तामारुतची माणसं नेहमी गप्प होतात, झोपेत असल्यासारखी, आणि खाली पोचल्यावर विचारलं तर सांगतात की आम्ही जागे होतो. मग रस्ता धुक्यात शिरला. आधी चाकं गेली, मग बॉनेट, मग काच. आवाजसुद्धा कापसात गुंडाळल्यासारखा झाला. बाहेर एखादा गाढववाला यायचा, पाय नसलेला, आणि जायचा. इट्टोचं डोकं हळूहळू कलत मोहाच्या खांद्यावर आलं. चारचौघांत नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवणं आमच्यात बसत नाही. मोहानं गिअर बदलायचा तो बदलला नाही, खांदा हलेल म्हणून. गाडी धापा टाकत त्याच गिअरमध्ये उतरत राहिली, आणि आम्ही मागचे चौघं आपापल्या खिडकीतून पांढरं बघत बसलो.

दवाखान्यात मी आणि मोहा दाराबाहेर उभे होतो. दार नीट लागत नव्हतं. आत डॉक्टरनं तिला नळीत फुंकायला लावलं. तिनं तीनदा फुंकलं. डॉक्टरनं विचारलं, भट्टी बंद केली का. ती म्हणाली, चाळीस दिवस झाले. मग आणखी कुठला धूर येतो घरात?



"गावात हवा चांगली आहे," इट्टो म्हणाली.

मोहाच्या हातात गाडीची चावी होती. तो अंगठ्यानं ती पुसायला लागला. जिथं आधीच चकचकीत होती तिथंच पुसत राहिला. डॉक्टरनं तिला तोंडात फवारा मारायची एक निळी नळी दिली आणि ती जवळ ठेवायला सांगितलं. परत येताना ती मागे बसली. म्हणाली, पुढे गरम होतं.

त्या संध्याकाळी चहाच्या दुकानात ड्रायव्हरांनी एकमतानं ठरवलं. त्यांचं एकमत मी प्रथमच पाहत होतो, म्हणून तारीख लक्षात आहे. उद्या शहरातून बाई येणार, तिच्याकडे हवा तपासायचं यंत्र असणार. तेव्हा उद्या दिवसभर चौकात एकही इंजिन सुरू करायचं नाही. भरलेली गाडीसुद्धा ढकलत न्यायची, चौकाबाहेर, उताराच्या खाली गिरणीच्या वळणापर्यंत, आणि तिथं सुरू करायची. यंत्राला धूरच दिसला नाही तर बंदी कशावर घालणार? मोहा कोपऱ्यात होता. त्यानं मान हलवली.

बाईचं नाव वियाम. चष्मा, जाड कोट, गार पडलेलं नाक. तिनं चौकाच्या मधोमध तीन पायांवर एक पांढरी पेटी उभी केली. पेटीवर एक छोटा दिवा होता. तो हिरवा होता.

आणि मग तामारुतमध्ये त्या सकाळी जे झालं ते मी कधी विसरणार नाही. धुकं त्या दिवशी वरपर्यंत आलं होतं. बाजारची गर्दी, मेंढ्या, पुदिन्याच्या जुड्या, आणि त्यातून सहा सहा माणसांनी भरलेल्या गाड्या आवाज न करता सरकत होत्या, होड्यांसारख्या. आत उतारू मांडीवर हात ठेवून सरळ बसलेले. मागे दोन दोन ड्रायव्हर डिकीवर छाती टेकवून, पाय मागे ताणून, मान खाली. हमादीच्या गाडीत खाटकाचं सगळं कुटुंब होतं. हाज ऊबेल्लानं खिडकीत डोकं घालून त्यांना विचारलं, निदान श्वास तरी हलका घ्याल का. दुपारपर्यंत नोव्हेंबरच्या थंडीत सातजणांचे जलाबे, म्हणजे आमचे पायघोळ झगे, घामानं पाठीला चिकटले होते. हाज फक्त सूचना करत होता. दिवा हिरवाच होता.

मधल्या वेळात वियामबाई अक्रोडाखाली माझ्या शेजारी टेबल मांडून एकेकाला बोलावत होती. कागदावर प्रश्न छापलेले. दुकानातली मतं आणि टेबलावरची मतं यांत किती फरक पडतो ते मी शेजारी बसून ऐकलं. झायद म्हणाला की प्रदूषण हा फार गंभीर प्रश्न आहे आणि शहरातल्या लोकांनी तो लवकर सोडवावा. हमादीनं सांगितलं, आपल्या गाडीतून धूर येतच नाही, येतो तो पुढच्या गाडीचा. हाजला विचारलं, बंदी आली तर काय कराल. तो म्हणाला, मरेन, पण ते बंदी न आली तरी करायचंच आहे.

मोहा आला. टोपी काढून मांडीवर ठेवली. गाडी किती जुनी? मुलीपेक्षा चार वर्षांनी मोठी. धूर येतो? थंडीत थोडी वाफ. घरात कुणाला श्वासाचा त्रास?

"नाही," मोहा म्हणाला.

जुन्या गाड्यांवर बंदी यावी का? नको. वियामबाईनं चार ठिकाणी खुणा केल्या आणि त्याचे आभार मानले. मोहा उठला, टोपी घालायची विसरला, परत येऊन घेऊन गेला.

जेवणाच्या वेळी मी तिला चहा आणि रोटी आणून दिली. ती पेटीकडे बघत होती. मला नावानं हाक मारून म्हणाली, सी बस्सू, तुमची हवा बघून मला आमच्या शहराची लाज वाटते. मग चहा फुंकत फुंकत तिनं सहज सांगितलं की बंदी येईल ती गाडीच्या वयावर येईल, सगळ्यांना सारखी, मतं काहीही असोत. यंत्र त्यासाठी नाही. जुनी गाडी भंगारात देऊन नवी घ्यायला सरकार मदत करणार आहे, आणि ज्या अड्ड्यावर धूर जास्त त्या अड्ड्याचा नंबर आधी. "तुमचा बहुतेक शेवटी येईल," ती म्हणाली, कौतुकानं.

आता माझी चूक सांगतो. जेवणाला आठही गाड्या चौकात परतल्या होत्या. मी उठलो आणि हे ड्रायव्हरांना जाऊन सांगितलं.

काही क्षण ते सगळे आपापल्या दुखऱ्या कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मग झायद गाडीत बसला आणि त्यानं चावी फिरवली. त्याच्यामागे हमादी. मग सगळे. आठ जुनी इंजिनं एकदम थंडीत सुरू झाली आणि आठ पाय एकदम दाबले गेले. आधी पांढरा, मग निळा, मग काळा धूर निघाला. धुक्यामुळे त्याला वर जायला जागा नव्हती. तो जमिनीवरून पसरत गेला, मेंढ्यांच्या पायांत, पुदिन्यावर, टेबलाखाली. पेटीवरचा दिवा पिवळा झाला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. लाल झाला तेव्हा खाटकानं शीळ घातली. वियामबाई उभी राहून हात हलवत होती, तो निरोप आहे असं समजून हाजनंही हात हलवला. सर्वांत दाट धूर मोहाच्या गाडीचा. बाकीचे त्याला खिडकीतून शाबासकी देत होते. मी त्याचा चेहरा पाहिला. बऱ्याच दिवसांनी तो मोठ्यानं हसत होता.

बुधवारी आमच्या भट्टीवरून इट्टोच्या घरी जायचं तर चौकातूनच जावं लागतं, कारण मागच्या वाटेवर बाजारची जनावरं बांधतात. ती डोक्यावर परात घेऊन आली. धुकं कुठलं आणि धूर कुठला हे तिला कळलं नसावं. चौकाच्या मध्यापर्यंत ती आली आणि थांबली. मग तिनं परात दोन्ही हातांनी धरून, वाकून, अगदी सांभाळून जमिनीवर ठेवली. फडकं नीट केलं. आणि परातीशेजारी बसली.

पहिल्यांदा पाहिलं झायदनं. त्यानं इंजिन बंद केलं आणि हमादीच्या गाडीच्या टपावर थाप मारली. एकेक करून सगळी बंद झाली. शेवटचं मोहाचं. त्याला काही दिसत नव्हतं, तो दाबतच होता. कुणीतरी दार उघडून चावी फिरवली आणि ते बंद केलं. मग चौकात शांतता झाली, आणि त्या शांततेत तिचा श्वास ऐकू आला. वाळवंटातून आलेल्या माणसानं मोठ्या मडक्याच्या तळाशी उरलेलं पाणी खरवडावं, तसा.

निळी नळी घरी होती. मोहानं तिला उचललं. छप्पन्न वर्षांचा माणूस, सकाळपासून गाड्या ढकललेला, तो तिला घेऊन मशिदीच्या मागच्या खळ्यावर चढला, जिथं वारा असतो. हद्दा नळी आणायला पळाली. मी परात उचलली, कारण मला दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. रोट्या अजून गरम होत्या.

अर्ध्या तासानं तिचे ओठ परत माणसाच्या रंगाचे झाले. तिनं आधी परातीचं विचारलं. मग मोहाच्या हाताकडे बघितलं, तो तिच्या पाठीवर फिरत होता, आणि म्हणाली की आता पुरे, लोक बघतायत.

मोहा खाली टेबलाशी आला. ड्रायव्हर सगळे तिथंच होते, माना खाली घालून.

"लल्ला, माझा कागद काढा," तो वियामबाईला म्हणाला. "त्यातलं एक उत्तर खोटं आहे."

"कुठलं?"

"घरात श्वासाचा त्रास कुणाला, ते. बायकोला आहे."

वियामबाईनं नवा कागद घेतला. विचारलं, कशानं होतो ते माहीत आहे का. मोहानं गाडीकडे बोट केलं. तिनं ते लिहिलं नाही, नुसती मान हलवली. मग तिनं शेवटचा प्रश्न पुन्हा वाचला, बंदी यावी का.

मोहानं टोपी काढून हातात धरली.

"यावी. शहरात कधी यायची ती येऊ दे. माझ्या अंगणात आधीच यायला हवी होती." मग पेटीकडे बघून म्हणाला, "आणि ते सकाळचं हिरवं खोटं होतं. आत्ताचं लालही खोटंच. आम्ही गाड्या अशा कधीच चालवत नाही."

वियामबाईनं झायदकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दगडांकडे पाहिलं. तिनं दोन्ही आकड्यांवर रेघ मारली. पेटी घडी करताना म्हणाली की तामारुतची नोंद आता कोरी जाईल, पुन्हा यायला तिला उन्हाळा उजाडेल. मदतीची यादी मात्र त्याआधी लागेल, तामारुतशिवाय.

सात कागदांवर नको आणि एकावर यावी. बेरीज करायला सोपी होती.

दुसऱ्या दिवसापासून मोहाच्या गाडीला कुणी हात लावला नाही.

कुणी भांडलं नाही. चहाला त्याला जागा होती, त्याच्या सलामाला उत्तर मिळत होतं. फक्त रांग सरकली की बाकीचे एकमेकांच्या गाडीला हात लावायचे आणि मोहा एकटा उरायचा. एकट्यानं ढकलताना स्टिअरिंग धरायचं की गाडी रेटायची, दोन्ही एका हातानं होत नाही. गाडी वाकडी व्हायची, भिंतीकडे जायची, तो पळत पुढे येऊन चाक वळवायचा, परत मागे जायचा. पहिल्या दिवशी त्याचा पुढचा दिवा माझ्या भिंतीला घासला. दोन दगड पडले. मी ते जागेवर ठेवले. मीही उठलो नाही, हेही सांगून टाकतो. अड्डेवाला कुणाच्या गाडीला हात लावत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्यानं आता गाडी घरी न्यायचं बंद केलं होतं. रात्री चौकात ठेवायचा आणि चालत वर जायचा. पहाटे चालत खाली. मला जाग येईना. हद्दा मला हलवून उठवायला लागली.

चौथ्या सकाळी धुकं इतकं होतं की रांगेतली तिसरी गाडी दिसत नव्हती. हाजची गाडी भरून गेली, रांग सरकायला लागली. मोहानं खांदा लावला. झायद भिंतीशी ग्लास धरून उभा होता. धुक्यातून इट्टो आली. हातात फडक्यात बांधलेली रोटी, कारण मोहा न खाता निघाला होता. ती बाजूला उभी राहून बघायला लागली. त्यानं रेटलं, गाडी वाकडी झाली, तो पुढे पळाला, चाक वळवलं, मागे पळाला. तिनं दोनदा बघितलं.

मग तिनं दार उघडलं, जलाबा गुडघ्यांपर्यंत गोळा केला आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसली. आमच्या अड्ड्यावर त्या जागेवर बाई कधी बसलेली नाही. रोटी तिनं शेजारच्या सीटवर ठेवली. काच खाली केली. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, परात धरतात तसं.

"काय करतेस?" मोहानं विचारलं.

"तू मागे जा. मी सरळ धरते."

तो मागे गेला. गाडी सरळ निघाली. भार एकदम हलका झाल्यासारखी, इंजिन नाही, धूर नाही, नुसता खडीवर टायरचा चुरचुर आवाज. रांगेची जागा आली. मोहा म्हणाला, आता ब्रेक, मधला. ती म्हणाली, थोडं जाऊ दे. पुढे उतार लागतो हे तिला सांगायचं राहिलं होतं, किंवा तिला ठाऊक होतं. गाडी रांगेतून बाहेर पडून उताराला लागली. मोहा खिडकीच्या चौकटीवर हात ठेवून बरोबर चालत होता. मग भरभर चालायला लागला. मग पळायला लागला. धुक्यानं आधी बॉनेट घेतलं, मग तिला, मग त्याला. धुक्यातून मोहाचा आवाज आला, मधला, मधला. मग तिचं हसू आलं, मोठं, मोकळं, आणि आम्ही सगळे त्यामागून येणाऱ्या खोकल्याची वाट बघत उभे राहिलो. मी वीसपर्यंत मोजलं. खोकला आला नाही.

खाली गिरणीच्या वळणाला रस्ता परत चढतो. तिथं गाडी आपोआप थांबली असणार. तिथून चौकापर्यंतचा चढ गाडी एकट्या माणसाला चढवता येत नाही, हे चौकातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

झायदनं ग्लास भिंतीवर ठेवला आणि बाह्या वर केल्या. हमादी निघाला, मग बाकीचे. मीही उठलो, दगड तसेच टाकून. आम्ही खाली पोचलो तेव्हा मोहा चाकाला दगड लावून वाकून धापा टाकत होता. आम्हाला बघून तो सरळ झाला आणि डिकीशी आपली जागा धरून उभा राहिला. त्याच्या शेजारी झायद.

इट्टो रोटी मोडून खात होती. चढावर गाडी ढकलायची म्हणजे आतल्या माणसानं खाली उतरावं, अशी रीत आहे. झायदनं खिडकीपाशी जाऊन तिला तसं सुचवून पाहिलं.

ती उतरली नाही.